गाडीचा डाव

आमच्या जिल्ह्यातल्या त्या छोट्या बुद्धिबळ स्पर्धेत पाचची घंटा वाजली की डाव जिथं असेल तिथं थांबतो. याचं कारण बुद्धिबळाच्या नियमात शोधू नका. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या पोरांना एसटी गाठायची असते आणि शाळेच्या शिपायाला हॉलला कुलूप लावून घरी जायचं असतं, एवढंच. घंटा होते, चावीची जुनी घड्याळं थांबवली जातात, आणि ज्या पटांवर अजून लढाई चालू आहे त्यांना आम्ही ‘गाडीचा डाव’ म्हणतो. पुण्याच्या एका पाहुण्या प्रशिक्षकाला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. तो स्वतःच्या मोटारीनं आला होता.

गाडीच्या डावाचा निकाल पंच देतो. हा डाव असाच पुढं चालला असता तर कोण जिंकलं असतं, की बरोबरी झाली असती, हे त्यानं नुसतं बघून सांगायचं. मी शाळेत होतो तेव्हापासून हे काम एकच माणूस करत आला होता. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक, पुढं निवृत्त. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची पद्धत ठरलेली होती. पटाजवळ आले की आधी विचारायचं, “चाल कोनाची?” मग पांढऱ्याच्या खुर्चीत बसून पट बघायचा, मग उठून काळ्याच्या खुर्चीत बसून पुन्हा तोच पट बघायचा. पोरं पिशव्या खांद्याला लावून उभी असायची. शेवटी गुरुजी अडचणीतल्या खेळाडूकडं बघून एकच शब्द बोलत. बरोबरी असेल तर “तरला.” हार असेल तर “गेला.” त्यावर कुणी तोंड उघडत नसे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी दहावीत असताना माझा एक डाव त्यांनी ‘गेला’ म्हणून दिला. मला तो डाव सुटलेला वाटत होता. मी हॉलमागं जाऊन भिंतीला लाथा मारल्या, पायाचं नख उपटलं, आणि त्या दिवसापासून गुरुजींबद्दल माझ्या मनात एक अढी बसली ती बसलीच. लोक म्हणतात वयाबरोबर माणूस निवळतो. मी नाही निवळलो. मी डूख धरणारा माणूस आहे, आणि हे मला लपवायचंही नाही.

पुढं मी भिंगारला छावणीच्या एका कचेरीत कारकून झालो. संध्याकाळी बाजारातल्या एका खोलीत बुद्धिबळाचा क्लास घेतो. मी काही मोठा खेळाडू नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा मी आमच्या भागात शहाणा. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातही मी आहे, म्हणजे खुर्च्या लावणं, सोंगट्या मोजणं, घंटा वाजवणं ही कामं माझी.

मग मोबाईलवर इंजिन आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा एक प्रोग्राम असतो, त्याला पटावरची स्थिती दाखवली की तो एक आकडा देतो. आकड्याच्या आधी अधिक असलं तर पांढरा वरचढ, उणे असलं तर काळा. शून्य आलं तर बरोबरी. जगातला कुठलाही माणूस त्याला हरवू शकत नाही, त्यामुळं त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी ते मोबाईलमध्ये घेतलं आणि सगळ्यात पहिली गोष्ट कोणती केली असेल? दहावीतला माझा डाव घातला. चालींचा पिवळा पडलेला कागद मी जपून ठेवला होता. पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत सगळ्या चाली भरल्या आणि बघत बसलो. डाव गेलेला होता. थोडाथोडका नाही, साफ गेलेला.

माणसाला अशा वेळी हलकं वाटायला हवं. मला संताप आला. इतकी वर्षं मी निदान मनातल्या मनात तरी बरोबर होतो, यंत्रानं तेवढंही काढून घेतलं. त्यानंतर दरवर्षी स्पर्धा झाली की मी गाडीच्या डावांचे कागद घरी न्यायचो, आणि सोमवारी कचेरीत डबा खाताना एकेका डावाच्या चाली इंजिनात भरून गुरुजींची चूक शोधायचो. एकदा सापडली असं वाटलं. हातातली पोळी तशीच राहिली. पण इंजिनाला अर्धं मिनिट जास्त विचार करू दिला तर तेही गुरुजींच्याच बाजूला येऊन बसलं. एवढी वर्षं नुसतं बघून निकाल देणारा माणूस, आणि एक चूक नाही. दुसऱ्या कुणी हे जिल्हाभर सांगत फिरून त्यांचं कौतुक केलं असतं. मी कुणालाच सांगितलं नाही.

मागच्या वर्षी स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. सकाळी गुरुजी गाडीतून उतरले ते एका मुलीला घेऊन. नववीतली, त्यांच्याच गावची, अंगावर शाळेचा युनिफॉर्म. ती आत बसायला गेली तेव्हा आम्ही बाहेर टपरीवर चहा घेतला आणि गुरुजी आपणहून बोलायला लागले. तिचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात. या वर्षी ते तिलाही बरोबर नेणार होते, धाकट्याला सांभाळायला आणि हाताखाली कामाला. गुरुजींनी बापाकडून कबूल करून घेतलं होतं की पोरगी जिल्ह्याच्या संघात आली तर तिला न्यायचं नाही. ती गुरुजींच्या घरी राहील, शाळा करील, खेळेल.

“बाप म्हनला, संघात आली तर ठिवतो, न्हाईतर ट्रकात बसंल,” गुरुजी म्हणाले. “लई डोकं हाय रे पोरीला. हे कुनाला बोलू नको. पंचानं असलं बोलू नये.”

मी म्हणालो, “छे, छे.”

संघात चार जण घ्यायचे होते. शेवटच्या फेरीआधी तीन ठरल्यासारखे होते. चौथ्या जागेसाठी ती मुलगी आणि माझ्या क्लासचा एक मुलगा, आणि नशिबानं दोघं एकमेकांसमोरच आले. तिला बरोबरी पुरणार होती. माझ्या मुलाला जिंकणं भाग होतं. तिच्याकडं पांढऱ्या सोंगट्या होत्या. दुपारभर दोघं खेळले. साडेचारला बाकीचे पट रिकामे झाले आणि सगळे त्या एका टेबलाभोवती जमले. पाचला मी घंटा वाजवली. घंटा मारता मारता मी बघितलं, तिनं कडेचं एक प्यादं एक घर पुढं सरकवलं आणि घड्याळाची कळ दाबली.

पटावर तेव्हा दोन राजे होते आणि प्यादी. बाकी सगळं मारलं गेलेलं. तिचं एक प्यादं कमी होतं. गुरुजी उठून यायच्या आत मी मोबाईल काढला. चालींचा कागद भरत बसायला वेळ नव्हता, म्हणून पट कोरा करून त्यावर समोर दिसतील तशा सोंगट्या बोटानं ठेवल्या. गुरुजी आले.

“चाल कोनाची?”

“त्याची,” मुलगी म्हणाली. माझा विद्यार्थी स्वतःचे बूट बघत होता.

मला ते ऐकू आलं होतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून बघितलंय, आणि उत्तर तेच येतं. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण माझं सगळं लक्ष त्या आकड्यावर होतं, कारण आकडा आला होता आणि तो उणे होता. मोठा उणे. पांढरा हरत होता. गुरुजी पांढऱ्याच्या खुर्चीत बसले, मग काळ्याच्या. मी वाट बघत होतो. ते काय म्हणणार ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, आणि आयुष्यात इतकी गोड वाट मी दुसऱ्या कशाची बघितली नसेल.

“तरली,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी,” मी म्हणालो, “मोबाईल म्हणतोय गेली.”

मग पालकांपैकी कुणीतरी म्हणालं, “बघू, बघू,” आणि सगळी डोकी माझ्या हातावर वाकली. पटाकडं कुणीच बघत नव्हतं. मी आकडा दाखवला. उणे म्हणजे काय ते मोठ्यानं समजावून सांगितलं, शिपायालासुद्धा.

गुरुजी म्हणाले, “बघ बरं नीट. ह्यो राजा आत कुठून शिरनार?”

“आता मोबाईलला बुद्धिबळ शिकवता का?” मी म्हणालो. लोक हसले. लोक हसल्यावर मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. मी म्हणालो, “का ही पोरगी संघात आली नाही तर तिला ऊस तोडायला जावं लागतंय, म्हणून तरली?”

सकाळचा चहा अजून पोटात होता, आणि मी हे बोललो.

मुलीनं मान खाली घातली. तिच्या घरचं ते असं चारचौघांत उघडं पडलं होतं. गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मी भांडलो असतो, त्याची मी तयारीच केली होती. पण ते घाबरल्यासारखे दिसले. त्यांनी मोबाईल मागितला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एकाचं ऑपरेशन झालेलं, एकाचं व्हायचं. ते मोबाईल जवळ धरत, लांब धरत, चष्मा वर करत, खाली करत. मी आकडा मोठा करून दाखवू शकलो असतो. दोन बोटांचं काम. मी हाताची घडी घालून उभा राहिलो आणि त्यांना चाचपडू दिलं.

शेवटी त्यांनी मोबाईल परत दिला.

“ती तरावी असं मला वाटत हुतं, हे खरं हाय,” ते म्हणाले, आणि हे ते मला नाही, सगळ्यांना सांगत होते. “मानसाला जे पायजे आसतं तेच त्याला दिसतं. यंत्राला काय पायजे नसतं.”

मुलगी म्हणाली, “पन गुरुजी, चाल तर त्याची—”

गुरुजींनी हात वर केला. पटाकडं आणखी एकदा बघितलं, आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, “गेली.”

आमच्याकडं हरणाऱ्यानं सोंगट्या डब्यात भरायच्या, अशी पद्धत आहे. तिनं भरल्या. एकेक सोंगटी मोजून भरली, झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला आणि वर “थँक्यू सर” म्हणाली. मग गुरुजी आणि ती गाडीकडं गेले. त्या संध्याकाळी मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोबाईलवरच्या त्या पटाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आता पंचांना रिटायर करायला हरकत नाही.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. मी जेवताना ती रांग बघत होतो.

मंगळवारी क्लासमध्ये हा डाव शिकवायचं मी ठरवलं. विषयाला नावही काढलं होतं, ‘डोळ्यांवर विश्वास ठेवू नका’. अर्धा तास आधी जाऊन मी मुलीच्या चालींचा कागद घेतला आणि सगळा डाव पहिल्यापासून इंजिनात भरला, म्हणजे पोरांना डाव कसा कसा गेला ते क्रमानं दाखवता येईल. शेवटची चाल भरली, कडेचं प्यादं एक घर पुढं. आकडा आला शून्य.

मला वाटलं मोबाईल अडकला. बंद करून पुन्हा लावला. शून्य. मग परवासारख्या सोंगट्या हातानं मांडून बघितल्या, तर उणे. पट तोच, सोंगट्या त्याच, एकदा शून्य आणि एकदा उणे. मग पटाच्या खाली एक बारीक पांढरं वर्तुळ दिसलं. सोंगट्या हातानं मांडल्या तर चाल कुणाची हे वेगळं सांगावं लागतं, आणि नाही सांगितलं तर मोबाईल आपला पांढऱ्याची धरून चालतो. मी वर्षानुवर्षं कागदावरून चाली भरत आलो होतो, तिथं ते आपोआप होतं. परवा पहिल्यांदाच हातानं मांडल्या होत्या. गुरुजी जन्मभर जो प्रश्न आधी विचारत आले, तो मोबाईलनं विचारला नव्हता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

त्या पटावर दोन राजे समोरासमोर उभे होते, मधे एक घर मोकळं. अशा जागी कुणालाच हलायचं नसतं. जो हलतो त्याला बाजूला व्हावं लागतं. मुलीला हलावं लागलं असतं तर काळ्या राजानं आत शिरून तिची प्यादी खाऊन टाकली असती. पण बुद्धिबळात या वेळी माझी चाल नको असं म्हणता येत नाही, म्हणून तिनं कडेच्या प्याद्याची एक फुकटची चाल तासभर राखून ठेवली होती, बरोबर त्या क्षणासाठी. ती खेळून तिनं हलण्याची पाळी माझ्या मुलावर ढकलली. त्याचा राजा बाजूला झाला असता आणि आत शिरायची वाट बंद. बरोबरी. नववीतल्या पोरीनं हे केलं होतं. गुरुजींनी एका मोतीबिंदूच्या डोळ्यानं ते ओळखलं होतं. मला माझ्या दोन धडधाकट डोळ्यांनी ते दिसलं नाही, कारण त्या दिवशी मी पटाकडं बघितलंच नव्हतं.

संघाची यादी गुरुवारी जाणार होती. ती मीच टाईप करणार होतो.

बाहेर पोरांनी चपला काढल्याचा आवाज आला. मी काय करायला हवं होतं हे सांगायला कुणा साधुसंताची गरज नाही. एक फोन पुरला असता. मी वर्तुळ पुन्हा पांढरं केलं, पोरांना आत घेतलं आणि ठरलेला धडा शिकवला. फळ्यावर उणे लिहिलं. एका पोरानं विचारलं, “सर, चाल काळ्याची असली तर?” मी त्याला म्हणालो, “आधी जे विचारलंय त्याचं उत्तर दे.” गुरुवारी यादी गेली. त्यात माझ्या विद्यार्थ्याचं नाव चौथं होतं. विभागाच्या स्पर्धेत तो पहिल्या दोन फेऱ्यांतच आपटला.

दिवाळीनंतर मुलगी ट्रकात बसली. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच पाथर्डीच्या एका शिक्षकाला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

या वर्षी गुरुजी स्पर्धेला आले नाहीत. निरोप पाठवला, आता नजर राहिली नाही, दुसरा पंच बघा. दुसरा पंच म्हणजे मी. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, मोबाईलवर आकडे बघून तीन निकाल दिले, तिन्ही वेळा वर्तुळ तपासलं, तिन्ही निकाल बरोबर होते, आणि मला एका घोटाचंही सुख मिळालं नाही. मग मंडळात कुणीतरी म्हणालं, गुरुजींचा सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ. आमंत्रण द्यायला कोण जाणार? मी म्हणालो, मी जातो.

मला वाटलं होतं, एका दगडात दोन पक्षी मारू. आमंत्रण देऊ आणि खरं काय ते सांगून मोकळं होऊ. गुरुजी चिडतील, दोन शिव्या देतील, पण शेवटी त्यांना बरंच वाटेल. त्यांची नजर चुकली नव्हती हे कळल्यावर कुठल्या माणसाला बरं वाटणार नाही? जीपमध्ये मी ते वाक्य मनात घोकत होतो. मी त्यांना काहीतरी परत द्यायला निघालोय, असंच मला वाटत होतं.

गाव अर्धं रिकामं होतं. तोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं. गुरुजी एकटेच राहतात. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, आणि तिथंच माझं पहिलं पाऊल अडखळलं. त्यांनी स्वतः चहा केला. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं. आता पेपर वाचता येतो म्हणाले, पण पटाकडं बघत नाही.

“तू मला तवा अडवलंस ते बरं झालं,” ते म्हणाले. “मला लई लागलं हुतं, खोटं कशाला बोलू. पन मंग इचार केला, वय झालं, डोळं गेलं, त्यात काय पाप न्हाई. तू न्हाई बोलला आसतास तर मी आजून चार पोरांचं वाटुळं केलं आसतं.”

मुलीचं विचारलं. ती कोल्हापूरकडं होती. शाळा सुटली होती. आईची कंबर धरली म्हणून या हंगामात बापाबरोबर कोयता तिच्याच हातात होता. “तिचा डाव गेलाच हुता, त्याला तरी मी काय करनार,” गुरुजी म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. माणूस शांत होता. त्यानं स्वतःपुरती एक समजूत काढली होती आणि ती त्याला पुरत होती. पण मी इतक्या लांब माझं ओझं उतरवायला आलो होतो, त्यांचं बघायला नाही. मी मोबाईल काढला आणि सगळं सांगितलं. पांढरं वर्तुळ दाखवलं, काळं करून दाखवलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला. या वेळी त्यांना आकडा स्वच्छ वाचता आला.

“सुन्य,” ते म्हणाले.

“हो गुरुजी. तुमचंच बरोबर होतं. तुमची नजर चुकली नव्हती.” आणि मी हसलो. देवाशपथ सांगतो, मी हसलो.

गुरुजींनी बशी खाली ठेवली.

“म्हंजे मला दिसत हुतं,” ते म्हणाले. “मला दिसत हुतं, आनि मी गेली म्हनलो.”

मी काहीतरी बोललो, चूक माझी, मोबाईलची, असं काहीबाही. ते ऐकत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी शिक्षकाच्या आवाजात विचारलं, “यादी कधी गेली?”

“गुरुवारी.”

“आनि तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“बुधवार आख्खा हुता,” गुरुजी म्हणाले.

मी पिशवीतून आमंत्रणाचा कागद काढला होता, तो पुन्हा आत घातला. सत्काराचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. गुरुजींनी कोनाड्यातून एक वही आणली, तिच्यातला नंबर काढला आणि माझ्यापुढं धरला. “तिच्या बापाचा हाय. लाव. तुझ्या तोंडानं सांग तिला. आनि मला ऐकू येईल आसं कर.”

मी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. बरीच रिंग गेली. बापानं उचलला, मागं ट्रॅक्टरचा आवाज, माणसांचा ओरडा. मी नाव सांगितलं, स्पर्धेचे सर, मुलीला द्या म्हणालो. ती आली. तिला दम लागला होता.

मी म्हणालो, “बाळ, मागच्या वर्षीचा तुझा तो डाव. तो गेला नव्हता. बरोबरीच होती. माझी चूक झाली मोबाईलमध्ये.”

ती म्हणाली, “मला म्हाईत हुतं सर. त्या प्याद्याची चाल मी त्याच्यासाठीच ठिवली हुती.”

“मग बोलली का नाहीस?”

“गुरुजींनी हात वर केला ना.” ट्रॅक्टर जवळून गेला, ती थांबली, आणि मग आवाज खाली आणून घाईघाईनं बोलली. “सर, पन हे गुरुजींना सांगू नका. गाडीत ते लई रडले हुते. मंग मीच म्हनलं, गुरुजी, माझा डाव गेलाच हुता, मलापन नंतर दिसलं. तवा कुठं गप झाले. त्यांना वाटतंय त्यांचे डोळे चुकले. तसंच ऱ्हाऊ द्या. सांगनार न्हाई ना, सर?”

गुरुजी समोर बसले होते. त्यांनी मोबाईलसाठी हात पुढं केला, पण मी तो देईपर्यंत तिकडं कुणीतरी तिला मोळी बांधायला हाक मारली आणि तिनं फोन ठेवून दिला.